व्हॅल्यू ॲडेड की ग्रोथ पर्सेंटाइल? मुलांची वाढ शिक्षकाच्या नावे मोजायचीच असेल तर

शाळा किंवा शिक्षक जोखताना निव्वळ निकालाची टक्केवारी पाहू नये, मूल कुठून कुठे आलं ते पाहावं, एवढं आता बहुतेक संस्थाचालकांना पटलेलं असतं. घोडं अडतं ते पुढे. ही वाढ मोजायची कशी?

पर्याय मुख्यतः दोन समोर येतात. एक मूल्यवर्धन, ज्याला सगळे 'व्हॅल्यू ॲडेड'च म्हणतात. मागच्या गुणांवरून यंदा मुलाला किती मिळायला हवे होते ते मॉडेल काढतं, आणि त्याहून जे कमी-जास्त पडलं ते बरीच चाळण लावून शिक्षकाच्या खात्यावर टाकतं. दुसरा ग्रोथ पर्सेंटाइल. मागचे गुण ज्यांचे सारखे होते अशा मुलांत हे मूल यंदा कितव्या पर्सेंटाइलला बसतं, म्हणजे शंभरांतल्या किती जणांच्या पुढे आहे, ते पाहायचं आणि वर्गातल्या सगळ्या पर्सेंटाइलचा मध्यक, म्हणजे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, घ्यायचा. मी एका शाळासमूहाच्या मूल्यमापन समितीवर असताना यांतला एक आम्हाला निवडायचा होता. दोन्ही वापरून पाहिले आणि एकावर थांबलो. मी संख्याशास्त्रज्ञ नाही, गणिताचा शिक्षक आहे, तेव्हा खालचं सगळं त्या बेताने घ्या.

दोघांची कुळकथा थोडक्यात. पहिल्याचा पसारा विल्यम सँडर्स यांच्यापासून सुरू होतो. अमेरिकेतल्या टेनेसी विद्यापीठातले हे संख्याशास्त्रज्ञ मूळचे शेतीच्या आकडेवारीत मुरलेले. तिथली गणितं त्यांनी शाळेच्या गुणांना लावली आणि १९९२ मध्ये टेनेसी राज्याने ती पद्धत कायद्यात घेतली. दुसऱ्याचं नाव डेमियन बेटेबेनर आणि कोलोरॅडो राज्य यांच्याशी जोडलेलं आहे. त्याची आज्ञावली, म्हणजे सॉफ्टवेअर, सर्वांना खुली आहे, कुणीही उघडून आतलं गणित पाहू शकतो. मला ही गोष्ट सुरुवातीला किरकोळ वाटली होती. २००९ मध्ये अमेरिकी सरकारने राज्यांना पैशाचं आमिष दाखवून शिक्षकांचं मूल्यमापन गुणांशी जोडायला लावलं, तेव्हा दोन्ही पद्धती झपाट्याने पसरल्या. २०१५ च्या अखेरीस नवा कायदा आला आणि केंद्राचा तो दबाव गेला. पद्धती मात्र राहिल्या.

दोन्हींना सारखंच असलेलं दुखणं आधी सांगून टाकतो, कारण विकायला येणारे ते आपणहून सांगत नाहीत. तीस मुलांचा वर्ग म्हणजे तीसच मुलं. चौघांना चाचणीच्या दिवशी ताप असला की आकडा हलतो. अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने २०१४ च्या निवेदनात नोंदवलं आहे की गुणांमध्ये जो एकूण फरक दिसतो त्यातला साधारण १ ते १४ टक्केच वाटा शिक्षकाचा असल्याचं बहुतेक अभ्यास सांगतात. याहून बोलका प्रयोग २०१९ मध्ये पुढे आला. न्यूयॉर्क शहरातल्या मुलांची माहिती घेऊन अभ्यासकांनी मूल्यवर्धनाचं मॉडेल गुणांऐवजी मुलांच्या उंचीला लावलं. शिक्षकांचा उंचीवरही 'परिणाम' निघाला, आणि तोही गणित-वाचनावरच्या परिणामाच्या जवळपास जाणारा! वर्गशिक्षकामुळे पोरं उंच होतात असं कुणी म्हणणार नाही. तो योगायोगाचा खेळ होता. अनेक वर्षांची माहिती घेऊन तो वगळल्यावर उंचीवरचा परिणाम उरला नाही. एका वर्षाच्या आकड्यावरून कुणाबद्दल काही ठरवू नये, हे मला या प्रयोगाने जेवढं पटवलं तेवढं कुठल्याच तक्त्याने पटवलं नाही.

तर अचूकपणात दोघांत फार डावं-उजवं करण्यासारखं मला दिसलं नाही. आकडे बऱ्यापैकी एकाच दिशेला बोट दाखवत. माझ्यापुरता निकाल लावला तो पटाने.

पट म्हणजे कोणतं मूल कुणाच्या नावावर, ही यादी. कागदावर ही सगळ्यांत सोपी गोष्ट. प्रत्यक्षात मुलं वर्षाच्या मध्यात तुकडी बदलतात, शिक्षक रजेवर जातात, एकच वर्ग दोघं मिळून शिकवतात, कच्च्या मुलांना जादा तासाला दुसरीकडे बसवलं जातं. संगणकातली यादी मात्र वर्षाच्या सुरुवातीला भरलेली तशीच पडून असते.

मूल्यवर्धनाचे आकडे आले त्या वर्षी एक बाई आपल्या आकड्याचा कागद घेऊन आल्या. सोबत वर्गाची यादी, नावांपुढे पेन्सिलीने तारखा. अमुक मूल सहामाहीनंतर दुसऱ्या तुकडीतून आलं, तमुक चाचणीच्या तोंडावर. दोन नावं तर अशी, की ती मुलं गणिताला यांच्याकडे बसतच नव्हती. हजेरीपट काढून ताडून पाहिलं, सगळं खरं निघालं. "ही नावं काढून परत काढा सर, मग जो येईल तो आकडा मला मान्य," एवढंच त्यांचं म्हणणं. मागणी वाजवी होती. मॉडेल चालवणाऱ्यांचं उत्तर आलं की दुरुस्ती नोंदवून घेतली आहे, पुढच्या वर्षीच्या गणनेत येईल. यंदाचे आकडे आता बदलता येणार नाहीत. का, तर सगळ्या शिक्षकांचे परिणाम एकत्रच काढले जातात. चार मुलं इकडची तिकडे केली की बाकीच्यांचे आकडेही, दशांशाने का होईना, सरकतात, आणि मग वाटून झालेले सगळेच कागद परत मागवावे लागतील. मी हे बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे यादी चुकली हे तुम्हालाही मान्य आहे, पण माझ्या फायलीत हाच आकडा राहणार?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

ही आमच्यापुरतीच अडचण नव्हती, हे नंतर वाचनात आलं. अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहराच्या शिक्षकांनी अशाच पद्धतीविरुद्ध लढलेल्या खटल्यात २०१७ मध्ये संघीय न्यायाधीशांनी नेमकं यावरच बोट ठेवलं: एकाचा आकडा बरोबर असणं बाकी सगळ्यांचे बरोबर असण्यावर अवलंबून, आणि एक दुरुस्त करायला जावं तर सगळे हलतात. निकालपत्रात त्यांनी याला पत्त्यांच्या बंगल्याची उपमा दिली आहे. आतलं गणित व्यापारी गुपित म्हणून बंद, त्यामुळे शिक्षकाला स्वतः पडताळूनही पाहता येत नाही. त्यावर नोकरी जाणार असेल तर ते कायद्याच्या प्रक्रियेत बसत नाही हा शिक्षकांचा दावा न्यायालयाने पुढे चालू दिला. खुल्या आज्ञावलीचं महत्त्व मला तिथे कळलं.

आता हीच तक्रार ग्रोथ पर्सेंटाइलमध्ये आली तर काय होतं ते पाहा. इथे आधी प्रत्येक मुलाचं पर्सेंटाइल निघतं, आणि ते काढताना शिक्षक कोण हे विचारलंच जात नाही. शिक्षक येतो शेवटच्या पायरीला. समजा यादीत नऊ मुलं आहेत, पर्सेंटाइल १२, १८, २५, ३१, ३८, ४७, ५५, ६२ आणि ८०. मधलं, म्हणजे पाचवं, ३८. पैकी १२ आणि २५ वाली मुलं या शिक्षकाची नव्हतीच असं ठरलं, तर ती खोडायची. राहिलेल्या सातांतलं चौथं ४७. झालं. दुरुस्तीला अर्धा मिनिट लागला, शिक्षकाच्या डोळ्यांदेखत झाली, आणि ती दोन मुलं ज्यांच्या यादीत जातील तो शिक्षक सोडला तर बाकी कुणाच्या आकड्याला धक्का लागला नाही. (नऊ मुलांवर दोन नावांनी नऊ अंकांची उडी पडते, हेही या निमित्ताने पाहून ठेवा. लहान वर्गाचा आकडा किती पातळ असतो ते यात दिसतं.)

शिवाय बोलायला काहीतरी हातात राहतं. व्हॅल्यू ॲडेडचा कागद म्हणतो उणे ०.१८, आणि त्यावर शिक्षकाने काय करावं हे मला तरी कधी सांगता आलं नाही. पर्सेंटाइलची यादी समोर असली की "ही तीन मुलं गेल्या वर्षी ठीक होती, यंदा घसरली, काय झालं?" असं विचारता येतं. उत्तरं येतात. कधी घरचं कारण असतं, कधी अपूर्णांकांचा धडा घाईत उरकलेला असतो.

सगळीच व्हॅल्यू ॲडेड मॉडेलं इतकी अडेलतट्टू नसतात, हे मान्य करायला हवं. साध्या मॉडेलात यादी बदलून परत चालवणं अवघड नाही. उलट एका मुलावर दोन शिक्षकांचा वाटा साठ-चाळीस असा वाटून द्यायचा असेल तर ते काम तिथे नीट होतं. मध्यकात ओढाताण होते. मोठा पुरावाही त्याच बाजूचा आहे. राज चेट्टी, जॉन फ्रीडमन आणि जोना रॉकॉफ या अर्थशास्त्रज्ञांनी दहा लाखांहून अधिक मुलांचा मागोवा घेतला, तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. जास्त मूल्यवर्धन असलेल्या शिक्षकांची मुलं पुढे कॉलेजात जाण्याचं प्रमाण आणि त्यांची कमाई, दोन्ही थोडी जास्त निघाली. म्हणजे त्या आकड्यात काहीच दम नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. फक्त लाखो मुलांच्या सरासरीत जे दिसतं ते एका बाईंच्या फायलीतल्या एका वर्षाच्या आकड्यात दिसेलच असं नाही.

माझ्या आवडत्या पद्धतीचे दोष तर मी रोज पाहतो. घरची परिस्थिती, आजारपण, भाषेची अडचण, यांपैकी काहीच ती साध्या रूपात धरत नाही. मागची चाचणीही शंभर टक्के अचूक नसते, आणि त्यामुळे आधीच हुशार मुलं गोळा झालेल्या तुकडीला पर्सेंटाइलमध्ये थोडा फुकटचा फायदा होतो. तुकड्या गुणांवर पाडलेल्या असतील तर हा मुद्दा हलक्यात घेऊ नका. न्यूयॉर्क राज्यात शिक्षकांचे वाढीचे गुण पर्सेंटाइलवरूनच, पार्श्वभूमीची काही दुरुस्ती करून, काढले जात. तिथल्या चौथीच्या एका शिक्षिकेला एका वर्षी २० पैकी १४ आणि पुढच्या वर्षी २० पैकी १ मिळाला, मुलांचे निकाल दोन्ही वर्षं जवळपास सारखेच चांगले असताना. २०१६ मध्ये न्यायालयाने तो १ मनमानी ठरवून रद्द केला. पद्धत उघडी आणि समजण्यासारखी असली म्हणून ती पगार-बढतीचं ओझं पेलेल असं नाही, हे माझ्या बाजूच्या लोकांनीही लक्षात ठेवावं.

शाळेचा आकडा काढायचा असेल तर मी इतका काटेकोर राहणार नाही. मुलं शेकड्यांनी असतात, कोण कुणाच्या यादीत हा वाद बराचसा मिटतो, आणि दोन्ही पद्धती निभावतात. तरी सरासरी की मध्यक हा प्रश्न तिथेही आहे. इंग्लंडने २०१६ पासून माध्यमिक शाळांसाठी 'प्रोग्रेस ८' आणलं, तेही प्राथमिकच्या शेवटी सारखे गुण असलेल्या मुलांशीच तुलना करतं, पण शाळेसाठी सरासरी घेतं. परीक्षेलाच न बसलेली दोन-चार मुलं अख्ख्या शाळेला खाली ओढायला लागली, तेव्हा २०१८ पासून टोकाच्या उणे गुणांना मर्यादा घालावी लागली. मध्यक असता तर हे कमी झालं असतं. त्यांच्याकडून घेण्यासारखा दुसरा धडा: करोनामुळे २०२० आणि २०२१ मध्ये प्राथमिकच्या परीक्षा झाल्या नाहीत, म्हणून २०२५ आणि २०२६ साठी हा आकडाच काढता येत नाही. सुरुवातीची चाचणी एकदा चुकली की कुठलंच मॉडेल ती भरून देत नाही.

आकडे नावानिशी बाहेर लावायचा विचार असेल तर तो सोडून द्या. लॉस एंजेलिसच्या वर्तमानपत्राने २०१० मध्ये सुमारे ६,००० शिक्षकांचे आकडे नावांसकट छापले. त्यातून वर्गात काय सुधारलं ते मला कुठे वाचायला मिळालं नाही. आणि चित्रकला, खेळ, संगीत शिकवणाऱ्यांना गणित-वाचनाचे आकडे लावण्याचा जो प्रकार काही राज्यांनी केला, त्यावर वेळ घालवण्यात अर्थ नाही.

तुमच्याकडे बऱ्याच शाळा, तीन-चार वर्षांची सलग माहिती आणि बोलावल्यावर येऊन शिक्षकांसमोर उभा राहणारा संख्याशास्त्रज्ञ असेल, तर व्हॅल्यू ॲडेड घ्यायला माझी ना नाही. करार करण्याआधी एवढं मात्र विचारा: निकाल वाटल्यानंतर एका यादीतली दोन नावं चुकीची निघाली तर तुम्ही काय कराल, किती दिवसांत, आणि लेखी द्याल का? बाकी सगळ्यांनी, म्हणजे एक-दोन शाळा चालवणाऱ्या बहुतेकांनी, पर्सेंटाइल आणि मध्यक घ्यावा असं मला वाटतं. आम्ही तीन वर्षांची मुलं एकत्र करून मध्यक काढतो, पंधराच्या आत मुलं असतील तर आकडा छापत नाही, आणि नव्या शिक्षकाला पहिली दोन वर्षं आकडाच देत नाही. मुख्याध्यापक वर्गात बसून तास पाहतात. चाचणीच्या महिनाभर आधी प्रत्येकाला आपला पट तपासून सहीसाठी मिळतो. एकट्या या सह्या गोळा करायला जेवढा वेळ लागतो तेवढा आकडे काढायला लागत नाही, तेव्हा वेळापत्रक आखताना तो धरून ठेवा.