१८५७ चा रुपया, १९४२ चा रुपया की कच्छची कोरी?

स्वातंत्र्यलढ्याची आठवण म्हणून एखादं जुनं नाणं घ्यायचं, तर कोणतं? मुंबईत फोर्टातल्या नाण्यांच्या दुकानात जाऊन ‘१८५७ चा रुपया दाखवा’ म्हणालात, तर जाणता दुकानदार गालातल्या गालात हसेल. त्या सालाचा ईस्ट इंडिया कंपनीचा रुपया नाहीच. ठशावर १८४० एकदा बसलं ते १८६२ पर्यंत हललं नाही. ऑक्टोबर १८५७ मध्ये उठावाच्या कटावरून सय्यद हुसेन आणि मंगल गडिया या सैनिकांना आजच्या आझाद मैदानाच्या जागी तोफेच्या तोंडी दिलं, तेव्हा मुंबईच्या बाजारात फिरणाऱ्या नव्याकोऱ्या रुपयावरही १८४० च होतं.

म्हणजे उठावाच्या काळातला रुपया हवा असेल तर साल सोडून छाप बघायला हवी. १८४० च्या रुपयाचे मुख्य प्रकार दोन. एकात VICTORIA QUEEN ही अक्षरं राणीच्या डोक्यावरून सलग जातात, तो आधीचा. दुसऱ्यात डोक्यामुळे दोन शब्दांची फारकत होते, एक डावीकडे, एक उजवीकडे. हा साधारण १८५० नंतरचा, आणि आपल्याला हवा तो हाच. तरीही हातातला नग नेमका १८५७ चा की १८५५ चा, हे छातीठोकपणे सांगता येत नाही. ज्यांना हे खुपतं त्यांनी या वाटेला जाऊ नये. मला त्यातच मजा वाटते.

वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे बरोबर एक तोळा. त्यात शुद्ध चांदी सुमारे १०.७ ग्रॅम. पण या रुपयांना कडी जोडून माळा करत असत, त्यामुळे कडी काढून जोडाचा डाख घासलेले नग पुष्कळ फिरतात. माझ्या पहिल्या रुपयाच्या काठावर तसा डाग निघाला, तोही घरी येऊन भिंग लावल्यावर. दुकानातच काठ गोल फिरवून बघा. चकचकीत घासलेला रुपया तर हातातही घेऊ नका.

१९४२ च्या रुपयाचं सगळं उलट. साल स्पष्ट, तेच ‘चले जाव’चं. गवालिया टँकवर ठराव झाला त्या वर्षी हे रुपये फोर्टातल्या टाकसाळीत पडत होते. वजन तेच तोळाभर, पण चांदी निम्मी. महायुद्ध सुरू झाल्यावर लोक चांदीचे रुपये दडवायला लागले, म्हणून १९४० पासून सरकारने चांदी ५० टक्क्यांवर आणली आणि उरलेल्यात तांबं, निकेल, जस्त घातलं. चांदीच्या भावाने विकायला गेलात तर पदरी अर्धंच पडेल. नग मात्र सहज मिळतात, आणि आजीच्या डब्यात एखादा आधीच असण्याची शक्यता मोठी. फक्त सहाव्या जॉर्जच्या या मालिकेतला १९३९ चा रुपया कुणी स्वस्तात देऊ केला तर सरळ पुढे चालू लागा. तो दुर्मीळ आहे आणि त्याच्या नकला ढिगाने आहेत.

खरं सांगायचं तर दोन्ही रुपयांवर क्रांती दिसत नाही. दिसतं ते राणीचं नाही तर राजाचं मुंडकं. क्रांती दिसते ती कच्छच्या कोरीवर. कोरी म्हणजे कच्छ संस्थानचं साधारण साडेचार ग्रॅमचं लहानसं चांदीचं नाणं, भुजच्या रावांचं, म्हणजे तिथल्या राजांचं. राव देसलजींच्या नंतरच्या काळातल्या कोरीवर एका बाजूला देवनागरीत त्यांचं नाव आणि दुसरीकडे फारसीत दिल्लीच्या बहादूरशाहाचं. उठाव फसला, १८५८ मध्ये बादशहाला रंगूनला धाडलं. १८६० मध्ये गादीवर आलेल्या प्रागमलजींच्या कोरीवर त्याच फारसीत व्हिक्टोरिया अवतरते. दोन कोऱ्या शेजारी ठेवल्या की बादशाही कशी गेली ते तळहातावर दिसतं. फारसी वाचता येत नसेल तरी रावांची नावं देवनागरीतच आहेत.

म्हणून एकच गोष्ट घ्यायची असेल तर मी ही जोडी घेईन, एकटी कोरी नको. आठवण म्हणून कुणाला भेट द्यायची असेल तर १९४२. छापांचा, काठांचा कीस काढायची सवय असेल त्यानेच १८४० च्या मागे लागावं.

भेट परदेशातल्या लेकीला किंवा मुलाला द्यायची असेल तर एक ध्यानात ठेवा. शंभर वर्षांपेक्षा जुनं नाणं कायद्याने पुरावस्तू ठरतं आणि खासगी माणसाला ते देशाबाहेर नेता येत नाही. १८४० चा रुपया आणि कोरी इथल्याच कपाटात राहतील. १९४२ चा रुपया अजून काही वर्षं तरी सामानातून जाऊ शकतो.