प्रभागातल्या रस्त्यासाठी काय मागावं: पट्टी, ट्रॅक की शांत गल्ली?

पुणे महापालिकेच्या अंदाजपत्रकात नागरिकांना आपल्या प्रभागातली कामं सुचवता येतात. चालणाऱ्यांसाठी आणि सायकलवाल्यांसाठी काही सुचवायचं म्हटलं की पटकन सुचतं ते 'सायकल ट्रॅक करा'. मागणीला आधार आहेच: महापालिकेचं पादचारी धोरण २०१६ चं आहे आणि सायकल आराखडा २०१७ च्या अखेरीस मंजूर झाला. पण ट्रॅक कोणत्या रस्त्यावर मागायचा आणि कुठे दुसरंच काही मागायचं, हे अर्ज भरण्याआधी ठरवायला हवं.

त्यासाठी टेप घेऊन रस्ता मोजा, एका कुंपणापासून समोरच्या कुंपणापर्यंत. समजा रस्ता १८ मीटर भरला. तीन-तीन मीटरच्या चार लेन ठेवल्या तर १२ मीटर गेले, दोन्ही बाजूंना तीन-तीन उरले. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे पदपथावर चालायला किमान १.८ मीटर मोकळी जागा लागते, दुकानांच्या रांगेसमोर त्याहून जास्त. मग उरतो सव्वा मीटरच्या आतबाहेरचा तुकडा. त्यातच झाडं, विजेचे खांब, विजेच्या डीपीची पेटी, बसथांबा. एक सायकल दुसरीला ओलांडून जाईल असा दोन मीटरचा ट्रॅक इथे बसत नाही. २४ मीटरच्या रस्त्यावर तो बसतो. १८ मीटरवर आग्रह धरला तर जागा पदपथातून कापली जाते, आणि आजी-आजोबा, बाबागाडी, व्हीलचेअर खाली डांबरावर येतात.

डांबरावर रंगवलेली पट्टी सगळ्यात स्वस्त आणि झटपट. मी मात्र मुख्य रस्त्यावर ती मागणार नाही. रस्त्याची डावी कड म्हणजे रिक्षा थांबायची, चारचाकी लावायची, चेंबरची झाकणं असलेली आणि पावसात पाणी साचणारी जागा. प्रत्येक उभ्या गाडीपाशी सायकलवाल्याला वेगातल्या वाहतुकीत शिरावं लागतं. गाड्यांचा वेग मुळातच कमी असेल तिथे वाट दाखवण्यापुरती ती ठीक आहे.

पदपथाला लागून उंचावर केलेला ट्रॅक पाहायचा तर जंगली महाराज रस्ता आहे. पण तो एकदिशा आहे आणि रुंद आहे, हे विसरून त्याची नक्कल मागू नका. आपल्या रस्त्यावर दर काही पावलांवर सोसायटीचं गेट असेल तर ट्रॅक प्रत्येक गेटपाशी खाली उतरतो, पुन्हा चढतो. पेव्हर ब्लॉकवर चाक खडखडतं. पदपथ अडलेला असला की चालणारे ट्रॅकवर येतात, त्यात त्यांची काही चूक नाही. असा ट्रॅक शोभतो तो गेटं कमी आणि वाहनांचा वेग जास्त असलेल्या लांब, रुंद रस्त्याला. तिथे मात्र तो हवाच. वेग ताशी ३० वरून ५० किलोमीटरवर गेला की त्याच गाडीची धडक पावणेतीन पटीहून जास्त ऊर्जेची होते.

आतल्या गल्ल्यांमधून शांत मार्ग जोडणं हा पर्याय सहसा कुणाला सुचत नाही, आणि बहुतेक जुन्या वस्त्यांसाठी मला तोच सगळ्यात पटतो. शाळा, मंडई, बसथांबा, बाग यांना जोडणाऱ्या गल्ल्या निवडायच्या. तोंडाशी बोलार्ड, म्हणजे वाहनं अडवणारे आखूड खांब, असे लावायचे की चारचाकी आरपार जाणार नाही, सायकल आणि व्हीलचेअर जाईल. रहिवाशांच्या गाड्या दुसऱ्या बाजूनं आत येतातच. डांबराच्या उंचवट्याऐवजी पदपथाच्या पातळीचं सपाट, रुंद क्रॉसिंग करायचं. नाल्यावर छोटा पूल झाला किंवा बंद भिंतीत एक वाट उघडली, तर मुख्य रस्त्याचा मोठा वळसा वाचतो.

या पर्यायाची कमजोरी एकच, पण मोठी: गल्ली कधीतरी मुख्य रस्त्याला येऊन भिडते आणि तो ओलांडावा लागतो. पैसा तिथे घाला. सेकंदाला १.२ मीटर चालणाऱ्याला १२ मीटर ओलांडायला १० सेकंद लागतात, ०.८ मीटरनं चालणाऱ्या आजींना १५. सिग्नल तेवढा वेळ देत नसेल तर मधे थांबायला बेट हवं. फाट्याचं वळणही आवळून घ्या. कोपरा जितका गोल, तितकी गाडी वेगात वळते.

म्हणून १८ मीटरच्या आसपासच्या रस्त्यासाठी माझी मागणी अशी असेल: मुख्य रस्त्यावर सलग पदपथ, उंची १५० मिलिमीटरच्या वर नाही, उतरणीला रॅम्प. ओलांडायच्या जागा नीट, आणि सायकलींसाठी मागच्या गल्ल्यांचा जोडमार्ग. पथारीवाल्यांना हटवा असं लिहू नका. २०१४ च्या कायद्यानं त्यांना हक्क दिला आहे, आणि संध्याकाळी त्यांच्यामुळेच रस्त्यावर माणसांची जाग राहते. त्यांची जागा चालायच्या पट्ट्याबाहेर आखून मागा. अर्जात 'रस्ता सुधारणा' एवढंच न लिहिता कुठून कुठपर्यंत, रुंदी किती, कोणता चौक हे लिहा, आणि मोजमापांचा हातानं काढलेला नकाशा जोडा.