पावसातली रिले: पोहणाऱ्याची काळजी घेतली, थांबणाऱ्याची राहिली

सप्टेंबरच्या अखेरच्या रविवारी साताऱ्यात झालेल्या ट्रायथलॉन रिले शर्यतीत आमच्या तिघांच्या संघाने भाग घेतला. कण्हेर जलाशयात 1.5 किमी पोहणे, तेथून मेढ्याच्या रस्त्याने जाऊन परत साताऱ्यापर्यंत 40 किमी सायकल आणि शेवटी समर्थ मंदिराच्या चौकातून यवतेश्वर घाटाने वर चढून खाली येत 10 किमी धावणे, अशी तिची आखणी होती आणि प्रत्येक टप्पा संघातील वेगळ्या व्यक्तीने करायचा होता. पोहायला माझा भाचा, सायकलवर मी आणि धावायला आमच्या शेजारच्या वहिनी. संघाचे शुल्क 5,400 रुपये होते. आयोजकांचे नाव येथे लिहीत नाही, कारण माझी तक्रार एका संस्थेविषयी कमी आणि आपल्याकडे रिले ज्या समजुतीने भरवली जाते तिच्याविषयी अधिक आहे. वैयक्तिक शर्यतीची व्यवस्था जशीच्या तशी उचलून तिला तीन माणसे जोडली की रिले तयार होते, अशी ती समजूत आहे.

आधी जे उत्तम होते ते सांगतो. आदल्या रात्रीपासून पाऊस होता आणि पहाटे साडेपाचला आम्ही कण्हेरच्या काठावर पोहोचलो तेव्हा जावळीच्या बाजूला वीज चमकत होती. गडगडाट ऐकू येताच पाण्याजवळ कोणालाही फिरकू दिले गेले नाही आणि शेवटच्या गडगडाटानंतर पूर्ण 30 मिनिटे गेल्याखेरीज सुरुवात होणार नाही, असे ध्वनिक्षेपकावरून स्पष्ट सांगण्यात आले. मध्ये एकदा पुन्हा ढग गरजले तेव्हा ती 30 मिनिटे शून्यापासून मोजली गेली. काठावरची काही मंडळी कुरकुरत होती, एका गृहस्थांनी तर ‘एवढ्याने काय होतंय’ असा शेराही मारला, पण आयोजक बधले नाहीत. सुरुवात 50 मिनिटे उशिरा झाली आणि ती तशी झाली हे मला या संपूर्ण आयोजनातील सर्वांत जबाबदार काम वाटले. पाण्यात कयाकवर जीवरक्षक होते, यांत्रिक बोट फिरत होती, केशरी बोये धुक्यातही दिसतील एवढे मोठे होते आणि प्रत्येक पोहणाऱ्याचा क्रमांक आत जाताना व बाहेर येताना दोन वेगवेगळ्या व्यक्ती लिहून घेत होत्या. वेण्णा नदीचे ते भरलेले गढूळ पाणी बघून भाच्याची आई, म्हणजे माझी बहीण, मनातून धास्तावली होती. हा बंदोबस्त पाहिल्यावर ती निवांत झाली, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

अडचण काठावर सुरू झाली. रिलेतला स्पर्धक जेवढा वेळ धावतो, पोहतो किंवा सायकल हाकतो, त्याहून कितीतरी अधिक वेळ तो उभा असतो. वहिनींनी घाटातले 10 किमी 1 तास 12 मिनिटांत संपवले, परंतु त्याआधी त्या समर्थ मंदिराजवळ सुमारे तीन तास थांबल्या होत्या. मी कण्हेरला अडीच तास थांबलो. वैयक्तिक शर्यतीत पाण्यातून निघालेला माणूस दोन-तीन मिनिटांत सायकलवर बसतो, त्याला आडोशाची गरज नसते. रिलेत मात्र सायकलस्वारांची सगळी फौज भर पावसात त्याची वाट पाहत असते. आमच्यासाठी तेथे एक ताडपत्री बांधली होती, तिच्याखाली फार तर वीस माणसे मावत आणि आम्ही साठ-सत्तर होतो. त्यात सामानाचा ट्रक ठरलेल्या जुन्या वेळेलाच निघाला. सुरुवात लांबली आहे, तेव्हा अंगावरची रेनकोट आणि जाकिटे थोडी उशिरा गोळा करावीत, हे कोणाच्याही लक्षात आले नाही. परिणामी सायकलच्या तोकड्या कपड्यांत, ओल्या वाऱ्यात आम्ही तासभर कुडकुडत उभे राहिलो. ओले अंग आणि वारा यांची जोडी थंडीपेक्षा वाईट असते, याचा अनुभव ज्यांना कासच्या पठारावर एकदा आला आहे त्यांना अधिक सांगायला नको. पाय आखडलेले असताना चढावर पहिले पाच किमी कसे गेले हे माझ्या मांड्यांनाच ठाऊक.

एकाने टप्पा संपवून दुसऱ्याला सोडायचे ती बदलाची जागा मुरुमाच्या मैदानावर होती, पण तो मुरूम दीड तासातच लोण्यासारखा झाला होता. टोकियोच्या ऑलिम्पिकमध्ये 2021 साली मिश्र संघांची ट्रायथलॉन रिले प्रथम झाली. तिथे चौघांपैकी प्रत्येक जण 300 मीटर पोहणे, 6.8 किमी सायकल आणि 2 किमी धावणे असे तिन्ही करत होता आणि हाताने स्पर्श करून पुढच्याला सोडत होता. आपल्याकडच्या रिलेत एक जण एकच प्रकार करतो आणि घोट्याला बांधलेली, वेळ नोंदवणारी टायमिंग चिप एकाच्या पायातून काढून दुसऱ्याच्या पायात घालावी लागते. ही चिप वेल्क्रोच्या पट्ट्यावर बसवलेली असते आणि वेल्क्रोच्या बारीक आकड्यांत चिखल भरला की तो पट्टा नुसता कापडाची चिंधी होऊन बसतो. भाचा पाण्यातून पळत आला, वाकला, घसरला, बसलेल्या अवस्थेतच त्याने पट्टा ओढून काढला आणि ‘मामा, पट्टा नीट लावा, पडतोय बघा’ असे ओरडत माझ्या हातात दिला. मी तो तीनदा लावला आणि तिन्ही वेळा तो उघडला. शेवटी मोजा खाली सरकवून चिप घोट्याशी धरली आणि मोजा तिच्यावर ओढून घेतला. या एका खटपटीत सुमारे दोन मिनिटे गेली. आजूबाजूला सगळ्यांचे तेच चालले होते आणि एक ताई तर केसांचे रबर काढून त्याने पट्टा बांधत होत्या. काठावर एक रबरी चटई, स्वच्छ पाण्याची बादली आणि सुट्या पट्ट्यांचा एक डबा ठेवला असता तर एवढे झाले नसते.

सायकलच्या मार्गाबद्दल मात्र फारशी तक्रार नाही. प्रत्येक वळणावर स्वयंसेवक होते, पोलीस होते, भातखाचरांतून आलेल्या ट्रॅक्टरांनी रस्त्यावर सांडलेला चिखल दोन ठिकाणी खरडून काढलेला होता. ज्यांची सायकल रिमब्रेकची, म्हणजे चाकाच्या कड्यावर रबर दाबून थांबणारी, आहे त्यांच्यासाठी एक सूचना करतो. ओल्या रिमवर चाकाच्या पहिल्या एक-दोन फेऱ्यांत ब्रेक जवळजवळ लागतच नाही, कारण रबर आधी पाण्याचा थर पुसते आणि मग पकड घेते. म्हणून वळणाच्या बऱ्याच आधी हलकेच ब्रेक लावून रिम पुसून घ्यावी आणि रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यांवर सायकल वाकवू नये. चाकातली हवाही नेहमीपेक्षा थोडी कमी ठेवावी. आयोजकांच्या शनिवारच्या माहिती बैठकीत यातले काहीही सांगितले गेले नाही. ती बैठक प्रायोजकांच्या सत्कारातच आटोपली.

पुढचा घोळ वेळापत्रकाचा. सुरुवात 50 मिनिटे पुढे गेली आणि ते योग्यच होते, पण तो उशीर पुढच्या टप्प्यांत कोणी धरलाच नाही. यवतेश्वरचा रस्ता वाहनांसाठी ज्या वेळेपर्यंत अडवायचा ठरला होता त्याच वेळी तो खुला झाला. सप्टेंबरचा रविवार म्हणजे कासच्या फुलांचा हंगाम. 2012 साली जागतिक वारसा यादीत गेलेल्या या पठाराकडे त्या दिवशी किती गाड्या जातात हे सातारकराला वेगळे सांगावे लागत नाही. वहिनी घाटात असतानाच पुण्या-मुंबईच्या गाड्यांची रांग सुरू झाली. धुक्यात, दिवे लावलेल्या गाड्यांच्या कडेने, गटारीच्या अंगाने त्या उतरल्या. वहिनींनी याच घाटातली सातारा हिल हाफ मॅरेथॉन अनेकदा केली आहे, घाट त्यांच्या पायाखालचा आहे, म्हणून निभावले. नवख्या धावपटूने काय करावे, हा प्रश्न आयोजकांना विचारायलाच हवा. एक तर शर्यत हंगामाबाहेर घ्यावी, नाहीतर सुरुवात जितकी लांबेल तितका रस्ता अधिक वेळ बंद ठेवण्याची परवानगी आधीच घेऊन ठेवावी. पावसाळ्यात शर्यत ठरवणाऱ्याला ती लांबणार नाही असे धरून चालता येत नाही.

सर्वांत वाईट वागणूक मात्र भाच्याच्या वाट्याला आली. पोहून झालेल्यांना समर्थ मंदिराजवळ न्यायला बस येणार होती. ती सव्वा तास आलीच नाही. त्याचे कोरडे कपडे ट्रकमधून पुढे गेले होते आणि तो टॉवेल गुंडाळून उभा होता. जवळच्या घरातील एका आजींनी चार-पाच मुलांना ओसरीवर बसवून आल्याचा चहा दिला आणि एकाच्या अंगावर घोंगडीही टाकली. आयोजकांच्या टेबलावर त्या वेळी केळी, राजगिऱ्याचे लाडू आणि ओआरएसचे थंड पाणी होते. सगळे चांगले, पण गरम काहीच नाही.

निकालात आमचा संघ आधी ‘अपूर्ण’ दाखवला गेला, कारण मोज्याखालची चिप कण्हेरला वेळ नोंदवणाऱ्या यंत्राच्या चटईवर वाचली गेली नव्हती. पंचांच्या हाताने लिहिलेल्या नोंदी होत्या, म्हणून तक्रार केल्यावर तिसऱ्या दिवशी वेळ दुरुस्त झाली. उत्तर सौजन्याचे होते आणि चूक मान्य केलेली होती, हे नमूद करणे मला आवश्यक वाटते. आडोशाबद्दल आणि बसबद्दल विचारले त्याचे उत्तर मात्र अजून आलेले नाही.

पाचपैकी गुण द्यायचे झाले तर पाण्यातील सुरक्षिततेला पाच, सायकलच्या मार्गाला चार, बदलाच्या जागेला एक आणि बसला शून्य. भाच्याने पुढच्या वर्षीचा अर्ज भरून ठेवला आहे, वहिनींनी ‘घाट बंद ठेवणार असतील तरच’ अशी अट घातली आहे. जे जाणार असतील त्यांनी ट्रकवर भरवसा न ठेवता प्रत्येकासाठी वेगळी पिशवी घ्यावी, ती घरच्या माणसाजवळ द्यावी, आणि तिच्यात थर्मासमध्ये चहा, लोकरीची टोपी, जुना रेनकोट, चिप बांधायला केसांची दोन रबरे आणि प्लॅस्टिकमध्ये गाठ मारून ठेवलेले कोरडे मोजे असावेत.