युनिक्स आवृत्ती ७ वरचा 'एड' एडिटर: काही महिन्यांच्या वापरानंतर

सिमएच या एम्युलेटरवर, म्हणजे जुन्या संगणकांची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर, पीडीपी-११ हा जुना संगणक उभा करून त्यावर मी युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमची १९७९ सालची आवृत्ती ७ चालवतो आणि तिथलं सगळं लिखाण 'एड' या एडिटरमध्येच करतो. छोटे सी प्रोग्राम, शेल स्क्रिप्ट, एनरॉफ या मजकुराची मांडणी करणाऱ्या प्रोग्राममधली टिपणं. आजच्या मशीनवर लिहून फाइल आत ढकलता येते, पण ती सोय मुद्दाम वापरली नाही. ज्या मंडळींनी ही सिस्टिम घडवली त्यांना एवढंसं हत्यार पुरलं कसं, हेच तर बघायचं होतं. चांगलंच पुरतं. मात्र समोर स्क्रीन नसून कागदाचा रोल आहे, असं धरून बसावं लागतं.

युनिक्सचे एक जनक केन थॉम्प्सन यांनी १९६९ मध्ये बेल लॅब्स या संशोधन संस्थेत एड लिहिला, तेव्हा टर्मिनल म्हणजे टेलिटाइप, कागदाच्या रोलवर छापणारं टंकयंत्र होतं. त्याचं 'मॉडेल ३३' हे यंत्र दर सेकंदाला १० अक्षरं छापायचं. आजच्या हिशेबाने २४ ओळी आणि ८० रकाने एवढा मजकूर दाखवायचा, तर १९२० अक्षरं, म्हणजे तीन मिनिटांहून जास्त वेळ. दर बदलानंतर एवढं छापत बसणारा एडिटर कोण वापरेल? म्हणून एड आपणहून काहीच दाखवत नाही. फाइल उघडली की त्यातल्या अक्षरांची संख्या छापतो आणि थांबतो. 'आता कमांड द्या' असं सुचवणारं चिन्ह, म्हणजे प्रॉम्प्ट, नाही. कमांड कळली नाही तर नुसतं '?'. फाइल उघडता आली नाही तर '?' च्या पुढे फाइलचं नाव. चाळीस अक्षरांचा सविस्तर संदेश छापायला चार सेकंद गेली असती, हे लक्षात आलं की त्या प्रश्नचिन्हाचा राग येत नाही.

रोजचं काम कसं होतं ते सांगतो. प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या कंपायलरने ३७ व्या ओळीतल्या चुकीवर बोट ठेवलं. एडमध्ये ३७ टाइप करून एंटर दाबला की ती ओळ समोर येते आणि तीच 'चालू ओळ' होते. एस/जुनं/नवं/पी अशी कमांड दिली की बदल होतो आणि बदललेली ओळ लगेच छापली जाते. मग फाइल साठवणारी डब्ल्यू कमांड, किती अक्षरं लिहिली ते आकड्यात दिसतं. त्यानंतर उद्गारचिन्ह टाकून पुढे कंपायलरची कमांड लिहिली की एडमधून बाहेर न पडता कंपाइल होतं, आणि काम संपलं की एड पुन्हा एक '!' छापून कळवतो. या चक्राची बोटांना सवय झाली की वेग खरोखर चांगला मिळतो. एकेका ओळीच्या दुरुस्तीसाठी मला आजही याहून सुटसुटीत काही सापडलेलं नाही.

त्रास झाला तो एडपेक्षा टर्मिनलच्या जुन्या रिवाजांचा. आवृत्ती ७ मध्ये अक्षर खोडायचं चिन्ह मुळात '#' आहे आणि अख्खी ओळ रद्द करायचं '@'. कागदावर छापलेलं पुसता येत नाही, म्हणून हा मार्ग: पाच अक्षरं चुकली तर पुढे पाच '#' टाका. पण सी प्रोग्रामची पहिलीच ओळ बहुधा '#' ने सुरू होते! तिथे आधी बॅकस्लॅश द्यावा लागतो, नाहीतर ते चिन्ह फाइलमध्ये पोचतच नाही. लॉगिन झाल्या झाल्या एसटीटीवाय कमांडने खोडण्याचं काम बॅकस्पेसला देऊन टाकावं, ही माझी पहिली शिफारस. (आणि लॉगिन करताना कॅप्स लॉक बंद आहे ना ते पाहा. नाव मोठ्या (कॅपिटल) अक्षरांत आलं की सिस्टिम तुमच्या टर्मिनलला लहान अक्षरं येतच नाहीत असं समजते आणि पुढचा सगळा व्यवहार तसाच करते.)

एडचं खरं सामर्थ्य 'जी' कमांडमध्ये आहे, आणि ते पुरतं कळायला मला वेळ लागला. ती दोन फेऱ्यांत चालते: आधी दिलेल्या नमुन्याशी, म्हणजे शोधायच्या मजकुराशी, जुळणाऱ्या सगळ्या ओळींवर खूण होते, मग खूण केलेल्या एकेका ओळीवर जाऊन दिलेली कमांड चालते. उदाहरणार्थ जी/^/एम०. '^' म्हणजे ओळीची सुरुवात, ती प्रत्येक ओळीला असतेच, म्हणून खूण सगळ्यांवर होते. मग एकेक ओळ उचलून शून्याव्या ओळीनंतर, म्हणजे अगदी माथ्यावर, ठेवली जाते. अख्खी फाइल उलटी होते, आणि तीही सहा चिन्हांत! खूण आधीच झालेली असल्यामुळे ओळी हलल्या तरी गोंधळ होत नाही. नेहमीच्या कामात मी हीच कमांड फंक्शनचं नाव बदलायला वापरतो: जी/जुनं/एस//नवं/जीपी. मधला रिकामा नमुना म्हणजे 'आत्ता शोधलेलाच', आणि बदललेली प्रत्येक ओळ शेवटच्या पी मुळे डोळ्यांखालून जाते. नमुने शोधण्याची ही पद्धत थॉम्प्सन यांनी आधी क्यूईडी या एडिटरच्या आपल्या आवृत्तीत आणली होती. त्यामागच्या तंत्रावरचा त्यांचा लेख १९६८ चा.

उणिवाही आहेत, आणि त्या खुपतात. 'यू' कमांड फक्त शेवटच्या एस चा बदल मागे घेते, तोही त्याच ओळीवर. डी ने उडवलेल्या ओळी गेल्या त्या गेल्याच. मोठा बदल करण्याआधी डब्ल्यू, आणि बिनसलं तर कॅपिटल 'E' या कमांडने फाइल पुन्हा उघडायची, एवढाच उपाय. ओळींना क्रमांक लावून दाखवणारी 'एन' ही पुढच्या काळातली कमांड इथे नाही. चालू ओळ कितवी हे '.=' ने विचारावं लागतं. एका ओळीत ५१२ आणि तात्पुरत्या फाइलमध्ये १२८ हजार अक्षरांची मर्यादा आहे, पण माझ्या कामात तिची अडचण कधी आली नाही.

लांबलचक परिच्छेद लिहायला मात्र एड वाईट आहे. ओळीच्या मधोमध एक शब्द बदलायचा तर तो शब्द नेमका ओळखता येईल असा नमुना रचावा लागतो. यावर बेल लॅब्समधल्याच ब्रायन कर्निहन यांनी १९७४ मध्येच नव्या वापरकर्त्यांना सल्ला दिला होता: प्रत्येक वाक्य नव्या ओळीवर सुरू करा, आणि स्वल्पविरामासारख्या नैसर्गिक जागी ओळ तोडा. शेवटी ओळी जुळवून घ्यायला एनरॉफ आहेच. तसं लिहायला लागल्यापासून वाक्य उचलून दुसरीकडे नेणं म्हणजे ओळ हलवणारी एक एम कमांड, एवढंच राहिलं. ही सवय मी आता आधुनिक एडिटरमध्येही ठेवली आहे.

सेड किंवा व्हीआय हे युनिक्सवरचे नंतरचे एडिटर वापरणाऱ्यांना एडमध्ये परकं वाटणार नाही. व्हीआयमध्ये ':' नंतर जे लिहितो ते बरंचसं इथूनच गेलेलं आहे. कागदपत्रांसाठी एड घेऊ नका. प्रोग्राम लिहिणाऱ्याने मात्र जरूर वापरून बघावा, आणि सुरुवात आवृत्ती ७ वरच करावी. इथे न साठवता बाहेर पडायची क्यू कमांड दिली तर एड एकदा '?' छापून अडवतो, दुसऱ्यांदा दिली तरच जातो. १९७५ च्या आवृत्ती ६ मधला एड पहिल्याच क्यूला बाहेर पडतो आणि न साठवलेलं सगळं जातं.