सातांच्या लॉटमध्ये एकच खरी: जुने व्हिडिओ गेम घेण्याआधी वाचा

सात वस्तू, सात हजार रुपये, सुटी एकही मिळणार नाही. नागपूरच्या बर्डीतल्या एका जुन्या सामानाच्या दुकानात झालेला हा सौदा. घरी नेऊन एकेक वस्तू उघडली तेव्हा धड खरी एकच निघाली, आणि तीही सगळ्यात स्वस्त. दुकानाचं नाव इथे नाही, कारण ही चाल त्या एकट्याची नाही. आठवडी बाजारात जमिनीवर मांडलेला माल असो, घर बदलणाऱ्याची विक्री असो की मोबाइलवरची जाहिरात, खेळ तोच असतो.

लॉटमध्ये होतं ते असं: निन्टेंडो कंपनीचं हातात धरून खेळायचं यंत्र गेम बॉय अॅडव्हान्स एसपी, टेट्रिसचं राखाडी कार्ट्रिज (यंत्रात घालायची गेमची डबी), पोकेमॉन एमराल्डचं कार्ट्रिज, सोनीचं हातात धरायचं पीएसपी ३०००, प्लेस्टेशन २ चा (पीएस२) सीलबंद गेम ‘हनुमान: बॉय वॉरियर’, प्लेस्टेशन १ च्या चार डिस्कचा गठ्ठा आणि एक लाल-पांढरा ‘जपानी फॅमिकॉम’, म्हणजे टीव्हीला जोडून खेळायचं निन्टेंडोचं जुनं यंत्र.

दुकानदाराने टेट्रिस एसपीत घातलं, गाणं वाजलं. मग स्वतःहून ड्रॉवरमधून खास पेचकस काढून कार्ट्रिज उघडलं आणि आतल्या सर्किटच्या पट्टीवरचं निन्टेंडोचं नाव दाखवलं. “ओरिजिनल आहे ना भाऊ, चालून राहिलं ना, अजून काय पाह्यजे?” इथेच सौदा झाला. टेट्रिस १००% खरं होतं. पण अमेरिकेत आणि युरोपात गेम बॉयच्या खोक्यासोबतच ते दिलं जायचं, त्यामुळे जगात त्याची रास आहे आणि त्याची नक्कल करण्यात फारसा फायदा नाही. ते बाकीच्या सहा वस्तूंना जामीन राहिलं. विकणारा एखादी वस्तू न मागता उघडून दाखवतो तेव्हा ती खाली ठेवा आणि जी त्याने दाखवली नाही ती हातात घ्या.

आता एमराल्ड, कारण पैसे मुळात त्याचेच मोजले होते. हा गेम जपानमध्ये २००४ साली आणि अमेरिकेत २००५ साली आला, आणि गेम बॉय अॅडव्हान्सच्या ज्या गेमांची सर्वाधिक नक्कल होते त्यांत तो वरच्या रांगेत आहे. तो ‘चालतो’ याला काहीही अर्थ नाही, नकलीही चालतो. दुकानात उभ्या उभ्या, पेचकसाशिवाय, एवढं तपासता येतं:

कार्ट्रिज उलटं धरून पिनांच्या फटीत मोबाइलच्या टॉर्चचा उजेड टाका. खऱ्या पट्टीवर पिनांच्या लगेच वर बारीक अक्षरात निन्टेंडो छापलेलं दिसतं. या कार्ट्रिजमध्ये तिथे कोरी हिरवी पट्टी होती. मग लेबल उजेडात तिरपं धरा. खऱ्या लेबलवर कारखान्याचा दोन आकड्यांचा ठसा, काही वेळा पुढे एक अक्षर, शाईशिवाय नुसता दाबलेला असतो. बोटाच्या नखाला जाणवतो. नकलीत तो बहुधा नसतोच. लेबलवरचा कोडही वाचा. इंग्रजी एमराल्डचा कोड ‘एजीबी’नंतर ‘बीपीईई’ असा आहे. नकली छापणारे बरेचदा दुसऱ्याच गेमचा कोड चिकटवून मोकळे होतात, आणि घेणारे शंभरातले नव्वद तो वाचत नाहीत.

स्क्रू पाहायला विसरू नका. अॅडव्हान्सच्या कार्ट्रिजला तीन पात्यांचा स्क्रू असतो; जुन्या गेम बॉयच्या कार्ट्रिजला ३.८ मिमीचा, ज्याला बाहेरून कडा असलेलं डोकं असतं. साधा अधिक चिन्हाचा स्क्रू दिसला तर कार्ट्रिज नकली आहे किंवा कोणीतरी आत हात घातलेला आहे. दोन्ही पेचकस खिशात मावतात. विकणारा उघडू देत नसेल तर त्याचा तो हक्क आहे. न घेण्याचा हक्क तुमचा.

एमराल्डच्या आत काय असतं? सीआर१६१६ बॅटरी, पण ती फक्त घड्याळासाठी. सेव्ह, म्हणजे जिथवर खेळलो त्याची नोंद, फ्लॅश चिपवर राहतो, बॅटरी संपली तरी पुसला जात नाही. गेम सुरू करताना ‘बॅटरी संपली’ असा संदेश आला तर घाबरू नका, वीस वर्षांच्या खऱ्या कार्ट्रिजमध्ये ते साहजिक आहे. मात्र तो संदेश खरेपणाचा पुरावाही नाही, कारण घड्याळ नसलेल्या नकलीतही तो येतो. या लॉटमधल्या पट्टीवर काळ्या डांबराचा थेंब पडावा तशी गोळी होती आणि सेव्ह त्या नाण्याएवढ्या सेलवर टांगलेला होता. सेल काढला, खेळ गेला. अनेक नकली एमराल्ड शेवटच्या लढतीनंतर सेव्ह करतानाच दगा देतात. दुकानातल्या पाच मिनिटांत ते कसं कळणार?

काळ्या गोळीबद्दल एक सावधगिरी. ‘गोळी दिसली म्हणजे नकली’ हा नियम अॅडव्हान्सच्या पोकेमॉन गेमांना लागू पडतो, सगळीकडे नाही. जपानमधल्या काही अधिकृत फॅमिकॉम कार्ट्रिजमध्येही तशी गोळी सापडते. अर्धवट नियमावर विसंबून खरी वस्तू नाकारणारेही आहेत, आणि त्याच वस्तू दुसरा कोणी हसत हसत उचलून नेतो.

एसपी अर्धी खरी निघाली. मागच्या स्टिकरवर एजीएस-१०१ होतं, म्हणजे मागून उजळणारा, जास्त भावाचा पडदा. पडद्याखालचं दिव्याचं बटण दाबलं तर दिवा पूर्ण विझला. तो एजीएस-००१ आहे. १०१ मध्ये ते बटण उजेड कमी-जास्त करतं, विझवत नाही. बाहेरचं कवच नवं, स्टिकरही नवा, आतला बोर्ड जुना. नवीन कवच असणं वाईट नाही, पण १०१ चे पैसे देऊन ००१ घेणं वाईट आहे. ही तपासणी दहा सेकंदांची. पडदा बदलून नवा आयपीएस (आजच्या प्रकारचा उजळ पडदा) लावलेला असेल तर बटण वेगळंच वागतं, अशा वेळी विकणाऱ्याला सरळ विचारा आणि त्याने दिलेलं उत्तर मेसेजवर लेखी घ्या.

पीएसपीचं यंत्र बरं होतं, बॅटरी नाही. तिच्यावर ३६०० एमएएच छापलेलं. पीएसपी २००० आणि ३००० ला सोनीची मूळ बॅटरी १२०० एमएएचची येते. तेवढ्याच पातळ डब्यात तिप्पट ताकद मावत नाही, छापणाऱ्याला मात्र आकडा कितीही छापता येतो. झाकण काढून बॅटरी सपाट काचेवर ठेवा. डुगडुगली तर फुगलेली आहे. नागपूरच्या मेमध्ये पत्र्याच्या छपराखाली पडून राहिलेल्या बॅटरीचं दुसरं काय होणार? अशी बॅटरी चार्जिंगला लावू नका. बॅटरीच्या खणात मॉडेलचं स्टिकर असतं, ते खरवडलेलं असेल तर कवच बदललेलं धरा. मेमरी कार्डवर लिहिलेल्या जागेवरही भरवसा ठेवू नका. कार्ड काठोकाठ भरून परत वाचलं तरच खरी जागा कळते.

‘हनुमान: बॉय वॉरियर’वर जरा थांबायला हवं. २००९ चा हा गेम हैदराबादच्या अरोना टेक्नॉलॉजीजने केला, पूर्ण भारतात घडलेला पहिला पीएस२ गेम म्हणून तो ओळखला जातो. त्यामुळे संग्राहक त्याच्या मागे असतात, आणि ‘सीलबंद’ शब्दाचे वेगळे पैसे मागितले जातात. या खोक्याच्या पन्नीला तिन्ही कडांना वितळलेली रेघ होती आणि एका कोपऱ्यात सुईएवढी छिद्रं. म्हणजे साधी श्रिंक पन्नी आणि केस वाळवायचा ड्रायर. कारखान्याच्या वेष्टनाला बहुधा टोकांना सिगारेटच्या पाकिटासारखी घडी असते.

आत डिस्कची खालची बाजू जांभळट होती. पीएस२ च्या अस्सल डिस्क खालून चांदीसारख्या (डीव्हीडी) किंवा निळ्या (सीडी) असतात, त्यामुळे निळी दिसली म्हणून फेकू नका. जांभळट छटा घरी जाळलेल्या डीव्हीडीची. ती तिरपी धरली की माहिती जिथे संपते तिथे दोन छटांची स्पष्ट रेघ दिसते. अस्सल डिस्कच्या आतल्या कड्यावर बारीक मास्टरिंग नंबर आणि आयएफपीआय कोड असतो. दुकानदाराने ती पीएस२ वर लावून दाखवली असती तरी काय सिद्ध झालं असतं? नकली डिस्क चालू देणारी चिप बसवलेल्या यंत्रावर जाळलेली डिस्क चालते, आणि आपल्याकडे जुनी यंत्रं बहुतेक चिपवालीच. चिप नसलेलं यंत्र तिला सहसा ओळखत नाही.

प्लेस्टेशन १ च्या चारही डिस्क काळ्या होत्या, हे चांगलं लक्षण मानलं जातं. पण बाजारात काळ्या कोऱ्या सीडीही मिळायच्या. कडं वाचा, तेच खरं.

राहिला ‘फॅमिकॉम’. जपानी फॅमिकॉम १९८३ चा. त्याचे दोन्ही रिमोट मागून तारेने कायमचे जोडलेले असतात, आणि दुसऱ्या रिमोटवर स्टार्ट-सिलेक्टऐवजी छोटा माइक असतो. या यंत्राच्या दोन्ही रिमोटवर स्टार्ट होतं आणि मागे पिवळी-पांढरी भोकं होती. त्या काळच्या लाल-पांढऱ्या फॅमिकॉममधून चित्र फक्त अँटेनाच्या तारेने बाहेर पडतं. म्हणजे हा आपल्या लहानपणीच्या गल्लीतला नकली संच, प्रेमाने ठेवावा असा, पण जपानी नाही. कधी अस्सल हाती लागला तर त्याचा मूळ अॅडॅप्टर भिंतीत लावू नका. तो १०० व्होल्टचा आहे, आपली वीज २३० ची.

पैसे कसे गेले हेही सांगायला हवं. आदल्या रात्री दोन हजार ‘टोकन’ म्हणून यूपीआयने, कारण ‘दुसरं गिऱ्हाईक निघालंय’. टोकन दिल्यावर माणूस वस्तू नाकारायला कचरतो. वस्तू हातात आल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नका. हवं तर आजची तारीख लिहिलेल्या चिठ्ठीसोबत वस्तूचा, पिनांच्या फटीचा आणि डिस्कच्या खालच्या बाजूचा फोटो मागवा. जुने उचललेले फोटो तिथेच उघडे पडतात. अनोळखी माणसाला भेटायचं तर सीताबर्डी मेट्रो स्टेशनसारखी वर्दळीची, कॅमेऱ्याखालची जागा ठरवा. पैसे घेण्यासाठी पिन टाकायला सांगितला तर फोन ठेवा, पैसे घ्यायला पिन लागतच नाही. ऑनलाइन पैसे गेलेच तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा. तासागणिक ती रक्कम पुढच्या खात्यात सरकत असते.

दुकानात परत गेल्यावर उत्तर मिळालं, “लॉटचा माल परत होत नसते भाऊ, दाखवूनच देल्ला ना.” दाखवलं होतं, सातातलं एक.

नकली एमराल्ड आणि जांभळी डिस्क पुन्हा विकू नका आणि भंगारवाल्याकडेही टाकू नका; तिथून ती पुढच्या लॉटमध्ये सामील होते. कार्ट्रिजच्या आतल्या पट्टीवर आणि लेबलवर पक्क्या मार्करने ‘नकली’ लिहा, डिस्कवर खालून खिळ्याने रेघ ओढा.