अल्फा कोर्स, लंडन : एका मराठी ख्रिस्ती सहभागीचे परीक्षण

सर्व राष्ट्रांतील लोकांना शिष्य करण्याची जी आज्ञा मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अखेरीस येते, ती पाळण्याच्या आजच्या पद्धतींपैकी अल्फा कोर्स, म्हणजे ख्रिस्ती विश्वासाची ओळख करून देणारा काही आठवड्यांचा वर्ग, ही बहुधा सर्वांत पद्धतशीर आणि सर्वांत पाहुणचारी पद्धत आहे. लंडनच्या नाइट्सब्रिज भागातील होली ट्रिनिटी ब्रॉम्प्टन या अँग्लिकन चर्चमध्ये 1977 साली चार्ल्स मार्नहॅम यांनी तो नव्या विश्वासणाऱ्यांसाठी सुरू केला. पुढे 1990 मध्ये निकी गंबेल या पूर्वाश्रमीच्या बॅरिस्टर पाळकांनी सूत्रे हाती घेतली आणि चर्चमध्ये कधीही न येणाऱ्या माणसाला डोळ्यांसमोर ठेवून त्याची फेररचना केली. आज शंभराहून अधिक देशांत तो चालतो, आणि कॅथलिकांपासून पवित्र आत्म्याच्या अनुभवावर भर देणाऱ्या पेंटेकोस्टलांपर्यंत अनेक पंथांच्या मंडळ्या, म्हणजे चर्चचे स्थानिक समूह, तोच साचा वापरतात. मी तो लंडनमधील एका स्थानिक मंडळीत प्रथम पाहुणा म्हणून आणि नंतर गटातील मदतनीस म्हणून अनुभवला.

संध्याकाळचा क्रम ठरलेला असतो. आधी एकत्र जेवण, मग सुमारे अर्ध्या तासाचे व्याख्यान किंवा चित्रफीत, आणि शेवटी लहान गटात चर्चा. येशू कोण, तो का मरण पावला, प्रार्थना कशी करावी, देव आजही बरे करतो का, असे विषय साधारण दहा आठवडे एकामागून एक येतात. मध्ये पवित्र आत्म्याविषयी एक मुक्कामाची सहल किंवा पूर्ण दिवसाचे सत्र असते. जेवणाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही, कारण ते त्या त्या मंडळीच्या स्वयंसेवकांवर अवलंबून असते, आणि इंग्रजी पास्त्याकडून मराठी जिभेने फारशी अपेक्षा ठेवू नये हे बरे.

या उपक्रमाचे खरे बळ चर्चेच्या नियमात आहे. गटप्रमुखाने उत्तरे द्यायची नाहीत, कुणाला दुरुस्त करायचे नाही, वादात जिंकायचे नाही, फक्त प्रश्न विचारायचा आणि ऐकायचे, असे प्रशिक्षण त्याला दिलेले असते. आपल्याकडच्या सुवार्तिकांच्या सभा ऐकत वाढलेल्या माणसाला हे सुरुवातीला अवघड वाटते. समोरचा येशूच्या पुनरुत्थानाला दंतकथा म्हणतो आणि गटप्रमुख शांतपणे ‘बाकीच्यांना काय वाटते?’ असे विचारतो, तेव्हा हात शिवशिवतात. परंतु पुढच्या आठवड्यात तोच माणूस स्वतःहून परत येताना दिसतो, आणि साक्ष देणे, म्हणजे आपला विश्वास इतरांना सांगणे, हे सतत बोलणेच असते ही आपली समजूत किती कोती होती हे ध्यानात येते. सुवार्ता सांगण्याच्या कलेतील सर्वांत दुर्मीळ भाग, म्हणजे धीर, येथे नियमात बांधून शिकवला आहे, आणि केवळ त्यासाठीही हा कोर्स करावा असे माझे मत आहे.

‘इतरांना का व कसे सांगावे’ या सत्राबद्दल मात्र मी तेवढा समाधानी नाही. सहवास, युक्तिवाद, घोषणा, सामर्थ्य आणि प्रार्थना अशा पाच मुद्द्यांवर बेतलेले हे सत्र नीटनेटके आणि उपयुक्त आहे. विश्वास दडवूनही ठेवू नये आणि लादूही नये, हा त्याचा तोल योग्यच आहे. अडचण अशी, की त्यात कल्पिलेला श्रोता जवळजवळ नेहमी पाश्चात्त्य शहरातला, आजीच्या काळापर्यंत ख्रिस्ती असलेल्या आणि आता धर्माची सवय सुटलेल्या घरातला असतो. ज्याच्या घरी रोज देवपूजा होते, वारी आहे, कुलदैवत आहे, अशा माणसाला पडणारे प्रश्न वेगळे असतात: माझ्या माणसांचे काय, माझ्या पंगतीचे काय, लग्नकार्यात मी कुठे उभा राहू? इतर धर्मांचा विषय गंबेल यांनी एका वेगळ्या पूरक पुस्तकात हाताळला आहे. मुख्य सत्रांत त्याला जागा नाही, आणि जगभर वापरल्या जाणाऱ्या साहित्यात ही उणीव मला लहान वाटत नाही.

मराठी वाचकाला येथे ख्रिस्ती झालेले कवी नारायण वामन टिळक आठवल्याशिवाय राहत नाहीत. त्यांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला, पण त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा 1900 मध्ये झाला, आणि मधल्या वर्षांत एका संसाराची काय ओढाताण झाली ते लक्ष्मीबाईंनी स्वतःच लिहून ठेवले आहे. विश्वास सांगण्याची आणि स्वीकारण्याची ही किंमत अल्फाच्या चित्रफितींतील साक्षींमध्ये क्वचितच डोकावते. तेथे बहुतेक कहाण्या व्यसनातून, एकाकीपणातून किंवा निरर्थकतेतून सुटण्याच्या असतात. उलट याच टिळकांनी 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून जो ‘देवाचा दरबार’ उभारला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले शिष्य एकत्र बसू शकत होते, आणि अल्फाच्या टेबलाचा मोकळेपणा त्याच्या पुष्कळ जवळ जातो. टिळकांपाशी अभंग आणि कीर्तनही होते. येथे गिटार आहे. लंडनला तीच शोभत असेल, पण पुण्यात किंवा अहिल्यानगरात हा कोर्स चालवणाऱ्यांनी चित्रफीत बंद करून एखादी संध्याकाळ कीर्तनकाराच्या हवाली करायला हरकत नसावी.

आणखी एक आक्षेप पंथाचा आहे. पवित्र आत्म्यावर भर मोठा आणि बाप्तिस्मा, मिस्सा यांसारख्या संस्कारांवर अगदी थोडा असल्याने वसईच्या किंवा गोव्याच्या कॅथलिकाला हा कोर्स अर्धवट वाटू शकेल. कॅथलिक मंडळ्यांसाठी त्याचे स्वतंत्र आयोजन होते, तेच त्यांनी निवडावे. दारिद्र्य, जात, अन्याय यांविषयी शुभवर्तमान काय म्हणते, याकडेही ही सत्रे घाईने पाहतात.

कोर्सला शुल्क नसते, जेवणासाठी ऐच्छिक देणगी ठेवता येते, मात्र मुक्कामाची सहल असल्यास तिचा खर्च वेगळा पडू शकतो. तो आधीच विचारून घ्यावा आणि शक्य तर एका दिवसाचे सत्र ठेवणारी मंडळी निवडावी, कारण काही आठवड्यांच्या ओळखीवर अनोळखी लोकांबरोबर मुक्काम करणे प्रत्येकाला रुचेलच असे नाही.