पायसाइड की पायजीऑब्जेक्ट? पायथॉन अ‍ॅप दुसऱ्याच्या मशीनवर पोचवताना

गावच्या वाचनालयाची दाखल नोंदवही संगणकावर आणायची होती, म्हणून एकच अ‍ॅप मी दोनदा लिहिलं. आधी पायसाइड ६ वर (क्यूटी या खिडक्या-बटणांच्या लायब्ररीला पायथॉनशी जोडणारं बाइंडिंग), मग पायजीऑब्जेक्ट घेऊन जीटीके ४ वर (जीटीके ही तशीच दुसरी लायब्ररी, पायजीऑब्जेक्ट तिचं बाइंडिंग). कोड लिहिताना कुठलंच विशेष जड गेलं नाही. फरक कळला तो पॅकेज बांधताना आणि त्याहून जास्त ते पोचल्यावर. (पायक्यूटी, म्हणजे क्यूटीचं दुसरं बाइंडिंग, बाजूला ठेवलं. जीपीएल, म्हणजे आपला कोडही खुला करायला लावणारा परवाना, किंवा विकतचा परवाना, यातलं काही निवडायची तयारी नव्हती. पायसाइड एलजीपीएल या जरा सैल परवान्याखाली मिळतं.)

पायसाइडची सुरुवात फार सुखाची. पिपने (पायथॉनची पॅकेजेस बसवणारं साधन) व्हील, म्हणजे आधीच बांधलेलं पॅकेज, उतरवलं की अख्खी क्यूटी सोबत येते. स्थिर एबीआयमुळे (कंपाइल केलेल्या कोडची पायथॉनशी असलेली, आवृत्तीगणिक न बदलणारी जोडणी) एकच व्हील पायथॉनच्या अनेक आवृत्त्यांना पुरतं. नुसती विजेट्स (बटणं, याद्या वगैरे) हवी असतील तर ‘एसेन्शियल्स’ एवढाच भाग घ्यावा, नाहीतर वाचनालयाच्या डोंगलवर काही शे एमबी उतरवत बसाल. विंडोजवरही हाच सरळपणा. तिथे जीटीके न्यायचं म्हणजे बहुतेक वेळा एमएसवायएस२ ची (विंडोजवर लिनक्सकडची साधनं आणि लायब्रऱ्या पुरवणारा संच) वाट धरावी लागते, आणि ती वाट मला तरी आवडली नाही.

पायजीऑब्जेक्टला पाय-पीआयवर (पिप जिथून पॅकेज उतरवतं ते भांडार) व्हील नाही, सोर्स मिळतो. म्हणजे ते आपल्याच मशीनवर बांधायला कंपायलर आला, कैरो या चित्र काढणाऱ्या लायब्ररीच्या हेडर फाइल्स आल्या. ३.५२ पासून त्याला गीरिपॉझिटरी या लायब्ररीची २.० आवृत्ती लागते, ती जीलिब (जीटीकेच्या पायातली लायब्ररी) २.८० पासून पुढेच आहे. डेबियन १२ या डिस्ट्रोमध्ये (लिनक्सचा तयार संच) जीलिब २.७४. त्यामुळे तिथे पिपने बसवायला गेलात की ते ‘सापडलं नाही’ म्हणून थांबतं. ३.५२ च्या खालची आवृत्ती बांधून घ्यावी, किंवा पिपचा नाद सोडून डिस्ट्रोचं तयार पॅकेज घ्यावं. मी दुसरं केलं.

पॅकेज बांधणाऱ्याला इथे एक फायदा आहे. पायसाइडमध्ये शिबोकेन हे साधन सी++ चं वेष्टण तयार करतं आणि ते क्यूटीला धरून कंपाइल करावं लागतं. पायजीऑब्जेक्ट चालतेवेळी टाइपलिब (लायब्ररीत काय-काय आहे याचं वर्णन असलेली फाइल) वाचतं, त्यामुळे माझं पॅकेज शुद्ध पायथॉनचं राहिलं. पण हीच गोष्ट अंगावरही आली. कुठली टाइपलिब लागते हे बांधतानाची साधनं आपणहून ओळखत नाहीत, ती यादी हातानेच लिहायची. मी नोटिफायची (डेस्कटॉपवर सूचना दाखवणारी लायब्ररी) टाइपलिब लिहायला विसरलो. माझ्या मशीनवर ती डेस्कटॉपसोबत आधीच आलेली, वाचनालयात मात्र ‘नेमस्पेस उपलब्ध नाही’. तेव्हापासून कोऱ्या क्रूटमध्ये (मशीनच्याच आत उभारलेलं वेगळं, रिकामं लिनक्स) चालवून पाहिल्याशिवाय काही पाठवत नाही.

एवढं वाचून कौल पायसाइडकडे जाईल असं वाटेल. माझाही गेलाच होता.

पायसाइडची आवृत्ती वाचनालयात बसवली. तिसऱ्या दिवशी ग्रंथपाल बाईंचा फोन आला. “सर, बाकी सगळीकडे मराठी येतंय, तुमच्याच खिडकीत इंग्रजी उमटतंय.” त्यांच्या डेबियन १२ वर एफसिटिक्स ५ होतं (मराठी टाइप करू देणारं साधन, म्हणजे इनपुट मेथड), इनस्क्रिप्ट कळफलक. व्हीलमधली क्यूटी स्वतःचीच प्लगइन्स वापरते. त्यात आयबस या दुसऱ्या इनपुट मेथडचं असतं, एफसिटिक्सचं नसतं. बाईंच्या मशीनवर ते प्लगइन व्यवस्थित बसवलेलं होतं, पण डिस्ट्रोच्या क्यूटीसाठी. माझ्या व्हीलच्या डब्यातल्या क्यूटीला त्याचा पत्ताच नाही. ते उचलून आत ठेवून पाहिलं. ते क्यूटीच्या खासगी एपीआयवर (आवृत्तीगणिक बदलू शकणारा अंतर्गत भाग) बेतलेलं, डेबियनची क्यूटी ६.४, व्हीलमधली त्यापुढची, लोड झालं नाही. मग लाँचरमध्ये (ज्या फाइलीवरून अ‍ॅप सुरू होतं ती) इनपुट मेथड म्हणून आयबसचं नाव टाकलं, कारण एफसिटिक्स आयबसचं सोंग घेऊ शकतं. चाललं. पण प्रत्येक वाचनालयातल्या लाँचरमध्ये मी असली थिगळं लावत फिरणार होतो का?

ज्या अ‍ॅपमध्ये पुस्तकाचं नाव देवनागरीत लिहिता येत नाही, त्याचं पॅकेज कितीही नेटकं असलं तरी माझ्या दृष्टीने ते अर्धवटच. जीटीकेची आवृत्ती डिस्ट्रोच्याच लायब्रऱ्या वापरते, त्यामुळे कळफलक, फॉन्ट, सगळं घरचंच. पहिल्या दिवसापासून मराठी उमटलं.

न्यायाने सांगायचं तर डेबियन १३ मध्ये पायसाइड ६ रिपॉझिटरीतच (डिस्ट्रोच्या पॅकेज-भांडारातच) आलंय. तिथून घेतलं तर ते डिस्ट्रोचीच क्यूटी वापरतं आणि माझी तक्रार बरीचशी गळून पडते. म्हणजे माझा राग बाइंडिंगवर कमी आणि डबाबंद व्हीलवर जास्त असावा. तुमचे वापरकर्ते विंडोजवर असतील, तर पायसाइडच घ्या, मीही घेईन. सगळे लिनक्सवर असतील आणि मराठीत टाइप करणार असतील, तर मी पायजीऑब्जेक्ट आणि डिस्ट्रोचं पॅकेज सुचवीन, टाइपलिबची यादी दोनदा तपासून.

बाईंचं मशीन केडीई या क्यूटीवर बेतलेल्या डेस्कटॉपवर आहे, त्यात जीटीके ४ ची खिडकी जरा पाहुण्यासारखी दिसते. “जतन करायचं बटण वर पट्टीत का गेलं?” एवढंच त्यांनी विचारलं. ते खाली आणून दिलं.